एक चॅनेल जिवंत असलेला रिसिव्हर: बिघडलेला जुना स्टिरिओ घेताना आणि दुरुस्त करताना

१९७० च्या दशकातले जपानी स्टिरिओ रिसिव्हर आजही दुरुस्त होतात, आणि थोडं सोल्डरिंग येणाऱ्या नवख्या माणसालाही ते जमतं. पण दुरुस्ती जमणार की नाही याचा निम्मा निकाल विकत घेतानाच लागलेला असतो. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात आग्रहाचं सांगणं: पहिला रिसिव्हर असा निवडा, ज्याचा एक चॅनेल वाजतोय, दुसरा बंद आहे, आणि ज्याला आजवर कुणी हात लावलेला नाही.

कारण साधं आहे. स्टिरिओ म्हणजे एकाच डब्यात दोन सारखी सर्किटं. डाव्या बाजूच्या प्रत्येक रेझिस्टरला, कंडेन्सरला, ट्रान्झिस्टरला उजव्या बाजूला जुळं भावंड असतं. उजव्या बाजूच्या एखाद्या पायावर १.२ व्होल्ट आणि डाव्या बाजूच्या त्याच पायावर १४ व्होल्ट दिसले, तर सर्किट पूर्ण कळत नसलं तरी बिघाड कुठल्या भागात आहे ते कळतं. चालू बाजू शिकवते, बंद बाजूवर हात बसतो. दोन्ही बाजू मेलेल्या आणि त्यात आधीच्या कारागिरानं तारा इकडच्या तिकडे केलेल्या, असं मशीन अनुभवी माणसालाही घाम फोडतं. स्वस्त मिळालं तरी ते पहिल्या प्रयत्नासाठी घेऊ नका.

कुठलं मॉडेल घ्यावं

रिसिव्हर म्हणजे रेडिओ ट्यूनर, प्रीअँप्लिफायर (आलेला बारीक सिग्नल निवडणारा आणि सावरणारा भाग) आणि पॉवर अँप्लिफायर (तो स्पीकर हलवण्याइतका ताकदवान करणारा भाग) हे तिन्ही एका कॅबिनेटमध्ये. स्पीकर वेगळे. टर्नटेबल, टेप डेक मागच्या सॉकेटांना जोडायचे. पायोनियर, मारांट्झ, सान्सुई, केनवुड, यामाहा यांनी सत्तरच्या दशकात हा प्रकार फार मन लावून बनवला: जाड अॅल्युमिनियमचा दर्शनी भाग, जड ट्यूनिंग नॉब, मागून उजळणारी डायल. १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं अँप्लिफायरचे वॅट कसे मोजायचे आणि जाहिरातीत कसे सांगायचे याचा नियम केला. नियम आल्यावर खरे वॅट वाढवण्याची चढाओढ लागली आणि १९७८ च्या पायोनियर एसएक्स-१९८० पर्यंत ती प्रत्येक चॅनेलला २७० वॅटवर पोहोचली.

या राक्षसांच्या वाटेला पहिल्या खेपेला जाऊ नका. त्यांच्या आत व्होल्टेज जास्त, आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला ताकद देणारे शेवटचे ट्रान्झिस्टर) जास्त, आणि चूक झाली की एका क्षणात बरेच भाग एकदम जातात. १५ ते ५० वॅटचं मशीन घरातल्या खोलीला भरपूर होतं. पायोनियरच्या त्या काळच्या मालिकेत एसएक्स-४५० हा १५ वॅटचा, ५५० हा २० चा, ६५० हा ३५ चा आणि ७५० हा ५० वॅटचा. मारांट्झच्या २२०० मालिकेत शेवटचे दोन आकडेच वॅट सांगतात, म्हणजे २२३० हा ३० वॅटचा आणि २२७० हा ७० चा. जाहिरातीत कुणी २२३० ला “शंभर वॅट” म्हणत असेल तर बाकीच्या माहितीवरही तेवढाच विश्वास ठेवा.

पॉवर अँप्लिफायर सुट्या ट्रान्झिस्टरांचा आहे की एसटीके मॉड्यूलचा, हे घेण्याआधी नक्की बघा. एसटीके म्हणजे एका काळ्या ठोकळ्यात बसवलेलं सर्किट. उदाहरणार्थ, पायोनियर एसएक्स-७८० मध्ये एसटीके-००५० आहे. मशीन छान वाजतं, पण मॉड्यूल गेलं तर अस्सल मिळणं कठीण आणि बाजारात नकली माल फार. शिकायला सुटे ट्रान्झिस्टर बरे: एक गेला तर एकच बदलायचा.

कुठे शोधायचं

आपल्याकडे ही मशीनं प्रामुख्यानं दोन वाटांनी आली. आखातात नोकरीला गेलेल्यांनी सुट्टीवर येताना आणली आणि बोटीवर काम करणाऱ्यांनी आणली. त्यामुळे मुंबईच्या आणि कोकणातल्या जुन्या घरांत अजूनही एखादा रिसिव्हर माळ्यावर सापडतो. आखाती बाजारासाठीच्या मशीनला मागे सहसा व्होल्टेज सिलेक्टर असतो: ११०, १२०, २२०, २४०. ही आपल्यासाठी मोठी सोय. सिलेक्टर २४० वर ठेवा. आपली लाइन २३० ची म्हणतात, पण रात्री ती बऱ्याच ठिकाणी २४० च्या वर जाते, आणि २२० वर ठेवलेलं मशीन विनाकारण तापतं.

अमेरिकेहून आलेलं मशीन बहुधा नुसतं १२० व्होल्टचं, आणि खुद्द जपानमधल्या विक्रीसाठी बनलेलं १०० व्होल्टचं. १०० व्होल्टच्या मशीनला ११० चा स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावून काम भागवू नका. आतलं प्रत्येक व्होल्टेज दहा टक्क्यांनी वर जातं आणि पन्नास वर्षांचे कंडेन्सर ते सोसत नाहीत. शिवाय जपानी देशांतर्गत मॉडेलची एफएम डायल ७६ पासून ९० मेगाहर्ट्झपर्यंतच असते, त्यावर आपली बहुतेक एफएम केंद्रं लागत नाहीत. रेडिओ ऐकायचा असेल तर ते सोडून द्या.

मुंबईत चोरबाजार आणि पुण्यात जुना बाजार ही फिरण्याची ठिकाणं आहेतच, पण चांगली मशीनं जास्त करून घराघरांतून, ओळखीनं आणि ऑनलाइन जाहिरातींतून मिळतात. घरातून आलेल्या मशीनचा इतिहास विचारता येतो: कधी बंद पडलं, बंद पडताना काय झालं, त्यानंतर कुणी उघडलं का. “वाजता वाजता एक बाजू गेली” हे उत्तर उत्तम. “धूर आला, मग दोन-तीन जणांना दाखवलं” हे उत्तर आलं की आभार मानून निघा.

बघायला जाताना

सोबत घ्या: टॉर्च, मल्टिमीटर, मोबाइलमधून मशीनच्या मागच्या आरसीए (गोल, लाल-पांढऱ्या) सॉकेटात गाणं देणारी केबल, जाड पिनचा म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा हेडफोन किंवा तसं कन्व्हर्टर, आणि फुटले तरी हरकत नाही असे दोन लहान स्पीकर. चांगला स्पीकर बिघडलेल्या मशीनला कधीच लावायचा नाही. आउटपुटवर डीसी व्होल्टेज आलं तर स्पीकरची कॉइल काही सेकंदांत जळते.

आधी मशीन बंदच ठेवून बघा. जाळीतून टॉर्च मारा. ट्रान्सफॉर्मरजवळ नाक नेऊन वास घ्या. जळक्या वार्निशचा उग्र वास येत असेल तर घेऊ नका. मेन्सचा स्विच चालू स्थितीत ठेवून, प्लग भिंतीतून काढलेला असताना, प्लगच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटरनं ओहम मोजा. काही ओहमांपासून काही दहा ओहमांपर्यंत आकडा आला तर प्रायमरी वाइंडिंग (ट्रान्सफॉर्मरचं मेन्सकडचं वेटोळं) सलग आहे. काहीच आलं नाही तर कदाचित फ्यूज गेलाय, पण कदाचित वाइंडिंगही तुटलंय. फ्यूज बाहेरून काढता येत असेल तर लगेच तपासा. या मशीनमध्ये पुन्हा मिळायला सर्वांत अवघड वस्तू म्हणजे ट्रान्सफॉर्मर. मग क्रमानं डायलची काच, नॉब आणि दर्शनी पट्टी. हे चार भाग शाबूत असतील तर आतलं बहुतेक सगळं मिळतं.

स्क्रूच्या खाचा बघा. घासून गुळगुळीत झालेल्या खाचा म्हणजे झाकण अनेकदा उघडलं गेलंय. तळाच्या पत्र्यावर गंज, पांढरी बुरशी, उंदरांच्या लेंड्या दिसल्या तर विचार बदला. उंदराचं मूत बोर्डावरचं तांबं खातं आणि तो बिघाड एका जागी नसतो, पसरलेला असतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या मशीनची सॉकेटं काळी पडतात, ते चालेल. साफ होतं.

किमतीबद्दल माझं मत: त्याच मॉडेलच्या चालू मशीनला जे पैसे पडतात, त्याच्या एक तृतीयांशाहून जास्त बिघडलेल्याला देऊ नये. “किरकोळ काम आहे, एक वायर लावली की सुरू होईल” असं विकणारा म्हणत असेल, तर त्यानं ती वायर लावून मग पूर्ण किंमत मागायला हरकत नसावी.

जे बिघाड नसतातच

आता ही यादी डोक्यात पक्की ठेवा, कारण “बंद” म्हणून विकली जाणारी काही मशीनं यातल्याच एखाद्या कारणानं गप्प असतात.

टेप मॉनिटर बटण दाबलेलं असणं हे पहिलं. ते दाबलं की मशीन टेप डेककडून आवाजाची वाट बघतं. टेप डेक जोडलेला नाही, म्हणून पूर्ण शांतता. दुसरं, स्पीकरच्या ए आणि बी अशा दोन जोड्यांतली एक निवडणारा सिलेक्टर बंदवर किंवा बी वर, आणि स्पीकर ए ला जोडलेले. तिसरं, मागच्या बाजूला प्री-आउट आणि मेन-इन अशी सॉकेटं असतात, आणि त्यांना जोडणाऱ्या यू आकाराच्या धातूच्या दोन क्लिपा हरवलेल्या असतात. त्या नसल्या की प्रीअँप्लिफायरचा आवाज पॉवर अँप्लिफायरपर्यंत पोहोचतच नाही. एकच क्लिप हरवली असेल तर एकच चॅनेल बंद, अगदी बिघाडासारखा. साध्या आरसीए केबलच्या दोन तुकड्यांनी काम होतं. चौथं, मोडचा स्विच किंवा बॅलन्सचा नॉब एका टोकाला गेलेला.

हे सगळे स्विच हलवताना खरखर होऊन एखादी बाजू क्षणभर आली नि गेली, तर आनंद माना. तो मळ आहे, तो निघतो. आवाज मोठा केला की बंद बाजू येते आणि लहान केला की जाते, हेसुद्धा शुभलक्षण: आउटपुट रिलेचे संपर्क काळे पडलेत.

चालू केल्यावर तीन ते आठ सेकंदांनी आतून “टक्” असा आवाज यायला हवा. तो प्रोटेक्शन रिले. अँप्लिफायरच्या आउटपुटवर डीसी नाही याची खात्री झाल्यावरच तो स्पीकर जोडतो. टक् आला नाही तर दोन्ही बाजू गप्प राहतात, पण याचा अर्थ दोन्ही गेल्यात असा नाही. रिले दोघांना मिळून एकच असतो, एका बाजूला बिघाड झाला की तो दुसरीलाही अडवून धरतो. म्हणजे “पूर्ण बंद” मशीनमध्येसुद्धा बहुतेकदा एक चॅनेल जिवंत असतो. लहान मॉडेलांत काही वेळा रिले नसतोच, त्याच्या जागी फ्यूज किंवा आउटपुटला मोठा कंडेन्सर असतो. तिथे टक् ची वाट बघत बसू नका.

घरी आणल्यावर, वीज देण्याआधी

मॉडेल नंबर घालून सर्व्हिस मॅन्युअल शोधा. या काळच्या बहुतेक जपानी रिसिव्हरचं मॅन्युअल इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यात सर्किट, बोर्डाचा नकाशा, जागोजागीची व्होल्टेज आणि अॅडजस्टमेंटची पद्धत दिलेली असते. छापून घ्या, मोठ्या कागदावर. त्याच्याशिवाय पुढचं काम म्हणजे अंदाज.

मग सिरीज बल्ब तयार करा. इलेक्ट्रिशियन वापरतात तोच सिरीज बोर्ड: बल्बहोल्डर आणि सॉकेट एकापाठोपाठ जोडलेले, म्हणजे सगळा करंट बल्बातून जातो. बल्ब जुना तारेचाच हवा, एलईडी चालत नाही. मध्यम रिसिव्हरला आधी ६० वॅटचा, मग १०० वॅटचा. मशीन जोडून चालू केल्यावर बल्ब क्षणभर झगझगून मंद झाला तर मोठे कंडेन्सर भरले आणि पुढे शॉर्ट नाही. बल्ब पूर्ण प्रकाशानं पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे: ताबडतोब बंद करा. बल्बानं करंट अडवला म्हणून काही जळालं नाही, हाच त्याचा उपयोग. बल्बामुळे मशीनला व्होल्टेज कमी मिळतं, त्यामुळे रिले लागला नाही तर लगेच घाबरू नका.

एक गोष्ट नीट समजून घ्या: सिरीज बल्ब मशीन वाचवतो, माणसाला नाही. त्याच्यामुळे शॉक कमी होत नाही. प्लग जोडलेला असेपर्यंत पॉवर स्विच बंद असला तरी स्विचच्या पायांवर २३० व्होल्ट असतात, आणि जुन्या मशीनमध्ये ते पाय उघडेच असतात. त्यांच्यावर आधी इन्सुलेशनचं आवरण चढवा. चालू मशीनमध्ये मोजताना एकच हात आत, दुसरा पाठीमागे किंवा खिशात. अंगठी आणि मनगटातलं कडं काढून ठेवा. घरच्या बोर्डावर आरसीसीबी (गळती करंट दिसताच वीज तोडणारा स्विच) असेल तर त्याच लाइनवर काम करा.

बंद केल्यावरही मोठे फिल्टर कंडेन्सर भरलेले असतात, कित्येक हजार मायक्रोफॅरड आणि ३० ते ५० व्होल्ट. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून ते रिकामे करण्याची पद्धत दुरुस्तीवाल्यांच्या दुकानांत दिसते. ती उचलू नका, ठिणगीनं कंडेन्सरही दुखावतो आणि डोळाही. ४७० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर घ्या, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड वायर आणि क्रोकोडाइल क्लिप लावा आणि कंडेन्सरवर अर्धा मिनिट धरा. मग मीटरनं खात्री करा, आणि मगच बोट आत घाला.

सफाई

बरीच मशीनं इथेच अर्धी बरी होतात, म्हणून घाई करू नका. आधी मऊ ब्रशनं आणि ब्लोअरनं धूळ काढा. ट्यूनिंगच्या पंख्यासारख्या पात्या असतात त्यांना ब्रश लावायचा नाही, फक्त हवा. पाती वाकली की रेडिओची जुळणी गेली.

व्हॉल्यूम, बॅलन्स, टोनचे नॉब आणि सगळे स्विच यांना इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर लागतो. साधा डब्ल्यूडी-४० नको. त्याचा तेलकट थर राहतो, धूळ धरतो, आणि काही महिन्यांत खरखर परत येते. डीऑक्सिट उत्तम, पण आपल्याकडे महाग पडतं. त्याच कामाचा दुसरा कॉन्टॅक्ट क्लीनर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळतो. कंट्रोलच्या पाठीवर लहान फट असते तिथून एकच फवारा मारायचा आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत पुष्कळदा फिरवायचा. प्रत्येक बटण दाबून सोडून, पुन्हा दाबून. क्लीनर उडून जाईपर्यंत वीज देऊ नका.

डायलच्या काचेला आतून हात लावू नका. आकडे आणि रेषा काचेच्या आतल्या बाजूला छापलेल्या असतात, आणि इतक्या वर्षांनी ती शाई ओल्या फडक्यानंही निघते, काच पुसायच्या फवाऱ्यानं तर नक्कीच. बाहेरची बाजू खुशाल धुवा. आतून फक्त कोरडा मऊ ब्रश. गेलेली अक्षरं परत येत नाहीत.

सफाई करतानाच बोर्डावर तपकिरी, कडक झालेला डिंक दिसतो का बघा. मोठे भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला हा डिंक जुना झाला की वीज वाहू देतो आणि भागांचे पाय खातो. सान्सुईच्या बऱ्याच मशीनमध्ये हा त्रास ठरलेला. लाकडी काडीनं खरवडून काढा. खाली पाय काळे-हिरवे झालेले असतील तर तो भाग बदला.

बिघाड शोधणं

आता चालू चॅनेलचा खरा उपयोग. मोबाइलवर ४०० हर्ट्झचा सलग सूर वाजवा आणि तोच सूर दोन्ही इनपुटना द्या. साधा मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवला की हा सूर मोजता येतो.

पहिला प्रश्न: बिघाड प्रीअँप्लिफायरमध्ये की पॉवर अँप्लिफायरमध्ये? प्री-आउट, मेन-इन असलेल्या मशीनमध्ये मशीन बंद करून क्लिपा काढा आणि केबल उलटसुलट जोडा, डाव्याचा प्री उजव्याच्या मेनला आणि उजव्याचा डाव्याला. मेलेली बाजू आता दुसऱ्या स्पीकरवर गेली तर बिघाड प्रीमध्ये. जिथल्या तिथेच राहिली तर पॉवर अँप्लिफायर किंवा रिले. त्या सॉकेटांशिवायच्या मशीनमध्ये व्हॉल्यूम कंट्रोलच्या पायांवर दोन्ही बाजूंचा सूर मोजा आणि तुलना करा.

प्रीमध्ये असेल तर सर्किटच्या वाटेनं पुढे जात राहा: इनपुट, सिलेक्टर, मॉनिटर स्विच, टोन बोर्ड. जिथपर्यंत डावा-उजवा सारखा तिथपर्यंत सगळं ठीक. जिथे एक बाजू कमी झाली, बिघाड त्या दोन बिंदूंच्या मध्ये. बरेचदा तिथे एक सुटलेला सोल्डर, एक काळा संपर्क किंवा वाळलेला कपलिंग कंडेन्सर (एका टप्प्यातून पुढच्या टप्प्याला आवाज देणारा) भेटतो. बोर्ड भिंगाखाली बघा. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सोल्डर, असलेल्या पायाभोवती बारीक गोल चीर दिसते.

पॉवर अँप्लिफायरमध्ये असेल तर स्पीकर काढून ठेवा आणि रिलेच्या आधी, दोन्ही बाजूंच्या आउटपुट बिंदूवर डीसी मोजा. चांगल्या बाजूला काही दहा मिलिव्होल्ट दिसतील. दुसऱ्या बाजूला काही व्होल्ट, किंवा पूर्ण सप्लायइतकं व्होल्टेज दिसलं तर तीच आजारी बाजू आणि म्हणूनच रिले लागत नाही. आता मशीन बंद, कंडेन्सर रिकामे. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा आणि आउटपुट ट्रान्झिस्टर तपासा. ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे बेस, एमिटर आणि कलेक्टर. बेसपासून एमिटरला आणि बेसपासून कलेक्टरला एका दिशेनं ०.५ ते ०.६ च्या आसपास. कलेक्टर आणि एमिटरमध्ये बीप वाजला तर तो शॉर्ट. धातूच्या टोपीसारख्या ट्रान्झिस्टरची टोपी म्हणजेच कलेक्टर. बोर्डावरच मोजताना आकडे फसवू शकतात, शंका आली तर काढून मोजा, आणि प्रत्येक वेळी चालू बाजूच्या जुळ्या भागाशी पडताळा.

आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट निघाला तर तेवढाच बदलून मशीन चालू करू नका. नवख्यांचे पैसे सर्वांत जास्त इथे जातात. त्याच्याबरोबर सहसा त्याला चालवणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर आणि ०.३३ किंवा ०.५ ओहमचे एमिटर रेझिस्टरही गेलेले असतात, आणि मुळात तो का गेला हेही शोधावं लागतं. बायस, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरांतून वाहता ठेवलेला थोडा करंट, ठरवणारे छोटे डायोड नेहमी तपासा. त्या काळच्या काही बोर्डांवर व्हीडी-१२१२ नावाचे व्हॅरिस्टर डायोड असतात आणि ते वयानं निकामी होतात. ते ओपन झाले की आउटपुट ट्रान्झिस्टरांतून बेसुमार करंट वाहतो. त्यांच्या जागी १एन४१४८ चे दोन डायोड एकापाठोपाठ लावतात, दिशा नीट बघून.

आवाज येतो पण मागे सतत चरचर, फुरफुर आहे, तर व्हॉल्यूम शून्यावर आणा. चरचर थांबली तर कारण व्हॉल्यूमच्या आधी, तशीच राहिली तर नंतर. त्या काळचे २एससी४५८ आणि २एसए७२६ हे ट्रान्झिस्टर यासाठी कुप्रसिद्ध आहेत. केएससी१८४५ आणि केएसए९९२ ही आज चालणारी जोडी, मात्र पायांचा क्रम जुन्या आणि नव्या डेटाशीटवर दोन्हीकडे बघूनच लावा. हम, म्हणजे खालच्या सुरातला सलग घूं आवाज, मात्र वेगळी गोष्ट: व्हॉल्यूम शून्यावरही एकसारखी राहणारी हम म्हणजे फिल्टर कंडेन्सरकडे बघा.

भाग आणि सोल्डर

सगळे कंडेन्सर एका बैठकीत बदलून टाकण्याचा मोह होतो. करू नका. एका वेळी एक बोर्ड, तोही आधी एकाच चॅनेलचा. बदला, सिरीज बल्बावर चालू करा, ऐका, मग पुढचा. काही चुकलं तर चूक शेवटच्या चार भागांतच आहे हे माहीत असतं, आणि तुलनेला दुसरी बाजू मूळ अवस्थेत शिल्लक असते. प्रत्येक पायरीआधी मोबाइलवर फोटो काढा, वायरींच्या रंगासकट.

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि १०५ डिग्रीचा. केलट्रॉनचे आपल्याकडे सहज मिळतात. निचिकॉन, पॅनासॉनिक, रुबिकॉन घ्यायचे तर अधिकृत वितरकाकडून. पॉवर ट्रान्झिस्टरच्या बाबतीत तर हे निक्षून पाळा, कारण रस्त्यावरच्या दुकानात तोशिबा किंवा सँकेनच्या नावाखाली मिळणारा माल पुष्कळदा नकली असतो आणि पहिल्याच मोठ्या आवाजाला फुटतो. कंडेन्सरची धन-ऋण बाजू लावताना दोनदा बघा. उलटा लागलेला कंडेन्सर फुटतो.

या मशीनचे बोर्ड तपकिरी फिनोलिकचे असतात आणि तांब्याचे ठिपके जास्त उष्णतेनं सुटून येतात. २५ वॅटची सोल्डरॉनसारखी साधी सोल्डरिंग आयर्न चालेल, तापमान लावता येणारं स्टेशन असेल तर ३५० डिग्रीच्या आसपास ठेवा. ६०/४० चं शिशाचं सोल्डर, थोडा फ्लक्स, आणि टोक दोन-तीन सेकंदच टेकवायचं. जुना भाग निघत नसेल तर ओढू नका. आधी थोडं नवं सोल्डर घाला, ते जुन्याला विरघळवतं, मग पंपानं किंवा विकनं (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीनं) खेचा. आउटपुट ट्रान्झिस्टरखालची अभ्रकाची चकती तुटली असेल तर नवी टाका, दोन्ही बाजूंना थर्मल पेस्टचा पातळ थर द्या, आणि स्क्रू आवळल्यावर टोपी आणि हीटसिंकमध्ये (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांत) शॉर्ट नाही हे मीटरनं बघा.

हात अगदीच बसलेला नसेल तर हे सगळं आधी एखाद्या जुन्या भारतीय, सोनोडाइन किंवा कॉस्मिकच्या अँप्लिफायरवर करून बघा. तीही मान देऊन वागवण्यासारखी मशीनं आहेत, आणि त्यांच्यावर सोल्डरचा सराव फार चांगला होतो.

बायस, रेडिओ आणि पहिलं गाणं

पॉवर अँप्लिफायरला हात लावला असेल तर बायस लावणं भाग आहे. दुरुस्त बाजूचा प्रीसेट (बोर्डावरचा, स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा छोटा रेझिस्टर) सुरुवातीला सर्वांत कमी करंटच्या टोकाला ठेवा. ते टोक कुठलं हे मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजानं नको. व्हॉल्यूम शून्य, स्पीकर काढलेले. सिरीज बल्बावर सगळं शांत असेल तरच बल्ब काढून थेट लाइनवर या. १०-१५ मिनिटं तापू द्या. मॅन्युअलनं दिलेल्या बिंदूंवर, बहुधा एमिटर रेझिस्टरच्या दोन टोकांवर, मिलिव्होल्ट बघत प्रीसेट अगदी हळू फिरवा. उदाहरणार्थ, ०.५ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे २० मिलिअँपिअर. मीटरचे प्रोब क्लिपांनी अडकवा. हातात धरलेला प्रोब इथे घसरला तर आत्ताच लावलेला ट्रान्झिस्टर जातो. शेवटी आउटपुटवरचं डीसी बघा. ३० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान, ५० पर्यंत चालवून घ्या.

ट्यूनरच्या आतल्या रंगीत कोअरना स्क्रूड्रायव्हर लावू नका. सिग्नल जनरेटरशिवाय ती जुळणी परत येत नाही, आणि रेडिओ कमजोर असण्याचं कारण बहुतेकदा अँटेना असते. मागच्या ३०० ओहमच्या दोन स्क्रूंना टी आकाराची सपाट वायरची अँटेना लावा आणि मुंबईत असाल तर आकाशवाणीच्या १००.७ किंवा १०७.१ वर काटा आणा. काटा आणि आकडा थोडा मागेपुढे असणं चालतं. अमेरिकेसाठी बनलेलं मशीन आपल्या एफएमवर जरा बुजल्यासारखं वाजतं. तिथली ध्वनिजुळणी ७५ मायक्रोसेकंदांची, आपल्याकडे ५०. ट्रेबलचा नॉब थोडा वाढवला की भागतं.

पहिली काही संध्याकाळ गाणी त्या जुन्या, टाकाऊ स्पीकरांवरच ऐका. मधूनमधून दोन्ही बाजूंच्या हीटसिंकला हात लावून बघा: दोन्ही सारख्याच कोमट हव्यात. एक गार आणि एक चटका देणारी असेल तर बंद करून पुन्हा बायस तपासा. सगळं स्थिर राहिलं की चांगले स्पीकर लावा, आणि मॅन्युअल परवानगी देत नसेल तर ए आणि बी दोन्ही जोड्या एकदम चालवू नका. मशीनच्या वर चार बोटं तरी मोकळी जागा ठेवा, त्यावर सेट-टॉप बॉक्स किंवा टेप डेक रचू नका. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी अर्धा तास चालू ठेवा आणि प्रत्येक वेळी सगळे नॉब, सगळे स्विच एकदा फिरवून घ्या, म्हणजे संपर्कांवर पुन्हा थर बसत नाही.